बेटेगावच्या शेडमधला पहारा

स्टीलच्या भांड्यावर नाव सगळ्याच घालतात. केळव्याच्या दमयंती सावे भांड्यावर घालायच्या आणि झाकणावर वेगळं घालायच्या. लोक भांडं परत करतात नि झाकण बदलतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा लग्नघरी दिलेली परात परत आली, तेव्हा त्यांनी ती अंगणात उन्हाला धरून तिच्या बुडाकडे इतका वेळ पाहिलं, की घेऊन आलेली जाऊ म्हणाली, "वयनी, परात हाय ती, पासपोर्ट नाय." दमयंतीबाई हसल्या नाहीत. आधी खात्री करून घेतली, मग चहा टाकला.

असल्या बाईने आपली गाडी परक्याच्या शेडमध्ये उघडी टाकून घरी यावं, हे होणारच नव्हतं.

गाडी म्हणजे फियाट. बिस्किटी रंगाची, त्यांच्या यजमानांची. बळवंत सावे तारापूरला नोकरीला होते तेव्हा रोज तिनेच जात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागले तसं त्यांनी बायकोला शेजारच्या माहीम गावाच्या रस्त्यावर नेऊन गाडी शिकवली. स्वतः शेजारी बसून ओरडायचे, "क्लच! अगं क्लच!" ते गेले आणि गाडी दमयंतीबाईंच्या हातात राहिली. वाडीतली सुपारी पालघरच्या व्यापाऱ्याकडे न्यायची, शेजारणीला डॉक्टरकडे न्यायचं, वाटलं तर उगाच शिरगावपर्यंत जाऊन यायचं. साठीला टेकलेली बाई एकटी वाडीत राहते, तिचं अडत नाही, ते या गाडीमुळे. हे त्या जाणून होत्या आणि त्यांचा मुलगा धीरजही जाणून होता.

धीरज पालघरला नव्या सोसायटीत राहायचा. आईने वाडी गड्याकडे सोपवून आपल्याकडे यावं, असा त्याचा आणि सूनबाईंचा, म्हणजे कीर्तीचा, जुना आग्रह. "इथे लिफ्ट आहे, खाली मेडिकल आहे," कीर्ती म्हणायची. दमयंतीबाईंना त्यात फक्त एकच ऐकू यायचं, की तिथे आपलं असं काहीच नाही.

मग ऐन उन्हाळ्यात फियाटच्या इंजिनाला तडा गेला. जुन्याचे पार्ट मिळेनात. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने गाडी मागितली, दारात शोभेला उभी करायला. इंजिन नसलं तरी चालेल म्हणाला, बॉनेटमध्ये कुंड्या ठेवू.

"कुंड्या?" दमयंतीबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या गाडीत कुंड्या?"

"आई, प्रॅक्टिकल हो."

दोघांत शेवटी ठरलं ते असं. एका मोडीत काढलेल्या जीपचं चांगलं पेट्रोल इंजिन मिळत होतं. ते फियाटमध्ये बसवायचं. दसऱ्याला गाडी रस्त्यावर आली, तर दमयंतीबाई केळव्यात राहतील आणि धीरजने पुन्हा विषय काढायचा नाही. नाही आली, तर गाडी रिसॉर्टला आणि आई पालघरला. धीरज इतक्या पटकन हो म्हणाला, की त्यांना तिथेच पहिली शंका आली. इंजिन बदलायची आरटीओची परवानगीही त्यानेच खटपट करून आणली. मुलगा मदत करतोय याचा आनंद व्हायच्या ऐवजी त्या दोन दिवस विचार करत राहिल्या, की ह्याला एवढी खात्री कशाची आहे?

काम दिलं चंद्रभान मिसाळला. हा मूळचा बीडकडचा. तरुणपणी बोईसरला आला, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत नळ्यांचं वेल्डिंग करत राहिला, आणि आता बेटेगावच्या अलीकडे त्याची स्वतःची पत्र्याची शेड होती. पुढे काम, मागे एका खोलीत तो आणि बायको रंभाबाई. हौशी लोक जुन्या गाड्या त्याच्याकडे आणायचे. दमयंतीबाईंनी चौकशी केली होती. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं, त्यामुळे त्यांचा संशय वाढला.

त्या रोज जायला लागल्या. केळव्याहून टमटमने पालघर, तिथून एसटीने बोईसर, पुढे रिक्षा. बरोबर पिशवीत निवडायचं काहीतरी. शेडच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची टाकून भिजवलेले वाल सोलत बसायच्या आणि नजर बॉनेटवर. आपल्या गाडीच्या ज्या ज्या वस्तू सुट्या होऊन खाली आल्या, त्या प्रत्येकीवर त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कार्ब्युरेटरला दिला, डायनॅमोला दिला, बॉनेटच्या दांडीलाही दिला.

"काकू, नजर लागू नये म्हून का?" चंद्रभानने विचारलं.

"नजर लागू नये म्हणून नाय. हात लागू नये म्हणून."

चंद्रभानने मान हलवली आणि साखळीला टांगलेलं इंजिन आणखी जरा खाली सोडलं. तो कमी बोलायचा. रंभाबाई मात्र आतून सगळं ऐकायची. चहा द्यायला आली, की कपबशी जरा जोरात ठेवायची.

"रोज येता व्हय इतक्या लांबून? घरी करमत न्हाई?"

"करमतं. पण गाडी हितं हाय ना."

"मंग गाडीला काय आमी खातो का?"

"खात नाय. मी कुठं म्हटलं?"

"म्हन्लं न्हाई, बसलाय ना पर!"

कामाची रीत अशी होती. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसत नाही, रबरांवर बसतं. त्या रबरांना गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात. इंजिनाची धडधड ती पोटात घेतात. जीपचं इंजिन फियाटमध्ये बसवायचं, तर रबरांसाठी नव्या लोखंडी बैठका बनवाव्या लागतात. इंजिन नेमकं कुठे बसणार हे ठरलं, की मग त्याच्या कुशीतून निघणारा हेडर बनवायचा. म्हणजे जळका धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या, वळत वळत पुढे एकीत मिळणाऱ्या. आणि फियाटमध्ये नेमक्या त्याच बाजूला स्टिअरिंगचा दांडा. जागा म्हणजे वाडीतल्या दोन पोफळींमधून म्हैस काढण्यातली गत.

चंद्रभानने जुन्या इंजिनाचं रबर काढून दमयंतीबाईंच्या हातात दिलं. चिरा पडलेलं, दगडासारखं कडक.

"वाळलं बघा. खाऱ्या हवेनं रबर वाळतं नि तडकतं."

हे त्यांनी नीट लक्षात ठेवलं.

नवी रबरं कोरी, काळीभोर, मुंबईहून मागवलेली. गौरी-गणपती झाले आणि बैठकांचं काम सुरू झालं, तेव्हा दमयंतीबाईंनी पाहिलं, की चंद्रभानने ती रबरं फळीवर ठेवून दिली आणि त्यांच्या जागी लोखंडाचे ठोकळे लावून त्यावर इंजिन बसवलं.

"हे काय? रबरं लावायची ना?"

"शेवटी. आत्ता वेल्डिंग चाललंय. ठिणगी उडली तर रबर जळल. ठोकळे त्याच मापाचे हायत. समदं झालं की ठोकळे काढायचे नि रबरं घालायची."

स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं. पण पटणं आणि विश्वास बसणं ह्या दमयंतीबाईंच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी. कोरी रबरं फळीवर, दार सदा उघडं, आणि शेवटच्या दिवशी यातलीच रबरं आत जातील की दुसरी कुठली, हे पाहणार कोण? रबरावर नेलपॉलिश टिकेना. त्यांनी सगळी रबरं उचलून पिशवीत घातली, वालाच्या खाली.

"ही माझ्याकडे राहतील. लागतील तेव्हा सांग."

"न्या काकू. उशाला घेऊन झोपा," चंद्रभान म्हणाला. आतून रंभाबाई मोठ्याने हसली.

हेडरला दिवस लागले. चंद्रभान आधी जाड तार वाकवून वाट आखायचा, मग तयार वाकड्या नळ्यांचे तुकडे कापून वेल्डिंगचे टाके मारायचा, काढायचा, पाहायचा, पुन्हा लावायचा. नळ्या आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यामध्ये बोटभर जागा हवी, असं तो म्हणायचा. दमयंतीबाई खुर्चीवरून उठून स्वतःचं बोट घालून बघायच्या.

"बोट कुणाचं धरायचं, तुझं का माझं?"

"इंजिनाला विचारा. ते हलतं किती त्यावर हाय."

एका सकाळी त्या पोचल्या तर तयार झालेली एक नळी चंद्रभानने ग्राइंडरने कापून काढलेली. कालपर्यंत चकचकीत जोडलेली.

"ही का कापलीस?"

"बोल्टला पाना जाईना. उद्या कुनी खोलायला बसलं तर आय-माय काढल माझी."

त्या खुर्चीवर परत जाऊन बसल्या. झालेलं काम मोडायचं आणि पुन्हा करायचं, म्हणजे दिवस घालवणंच झालं. दसरा जवळ येत चालला होता. त्याच दुपारी रंभाबाई चहा देताना बोलून गेली, "परवा तुमचा पोरगा आल्ता की. गाडी लावून उभा व्हता मायंदाळ येळ. तुमी गेल्यावर."

दमयंतीबाईंच्या हातातला वाल खाली पडला. "कशाला?"

"ते मला काय ठावं? ह्यांच्यासंगं बोलत व्हता."

त्यांनी चंद्रभानला विचारलं नाही. विचारलं तर तो खोटं सांगेल, आणि खोटं सांगितलं तर आपल्याला कळणार नाही, असा तो हिशेब. घरी जाताना टमटममध्ये त्यांनी सगळं जुळवून पाहिलं. धीरजचं पटकन हो म्हणणं, कापलेली नळी, त्याचं शेडवर गुपचूप येऊन जाणं. सगळं बरोबर बसत होतं. संध्याकाळी धीरजचा फोन आला, "काय म्हणतंय इंजिन?" तेव्हा त्यांनी आवाजात काही येऊ न देता सांगितलं, "चाललंय." आणि तो "बरं" किती हलकेच म्हणाला, ते ऐकत राहिल्या.

दसऱ्याच्या आधी तीन-चार दिवस चंद्रभान म्हणाला, "उद्या रबरं घेऊन या."

त्या घेऊन आल्या. ठोकळे निघाले, रबरं बसली, हेडर आवळला गेला, सायलेन्सर जोडला. चंद्रभानने चावी फिरवली. इंजिन एका दमात लागलं. दमयंतीबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. पोटातून वर येणारा तो आवाज जुन्या फियाटचा नव्हता, पण गाडीचा होता. मग चंद्रभानने ॲक्सिलरेटर दिला आणि आतून लोखंडावर लोखंड आपटलं. पुन्हा दिला, पुन्हा तेच, टण् टण् टण्. इंजिन रेस केलं की एका अंगाला कलंडत होतं आणि हेडरची नळी जाऊन स्टिअरिंगच्या दांड्यावर बसत होती.

चंद्रभानने इंजिन बंद केलं. टॉर्च घेऊन वाकला. बराच वेळ वर आला नाही.

"ठोकळ्यांवर बराबर व्हतं," तो स्वतःशीच म्हणाला.

"होतं ना? मग आता काय झालं?" दमयंतीबाईंचा आवाज चढला. "मी सांगते काय झालं. माझा मुलगा हितं आला होता की नाय? काय शिकवलंन त्याने तुला?"

चंद्रभान उभा राहिला. हात पुसले. "आल्ता. म्हन्ला, घाई करू नका, सावकाश करा."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हन्लं, मी सावकाशच करतो. त्येवढंच."

"त्येवढंच! म्हणून नळ्या कापत बसलास, म्हणून आता हे आपटवून दाखवतोस."

तेव्हा रंभाबाई पुढे आली. इतके दिवस ती कपबशीतून बोलत होती, आता तोंडाने बोलली. "ओ बाई, तोंड सांभाळा. ह्या मानसानं रातच्याला ताट पुढं आसताना तुमच्या नळ्यांची तार वाकवलीया. आमच्या घरात बसून आमच्यावरच पाहारा केला, ते सोसलं. आता चोर म्हन्ता व्हय?" बोलता बोलता ती बॉनेटवर वाकली, नाक आक्रसलं आणि थांबली. "आवं, हिकडं या. ह्या इंजिनाच्या डोस्क्याला तेल कुनी लावलं?"

"काय?"

"खोबरेल हाय. केसावानी वास येतोय."

चंद्रभानने रबराला बोट लावलं. बोट चिकट आलं. नखाने दाबलं तर रबरात नख रुतलं. त्याने दमयंतीबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मी दिली तेव्हा चांगली होती," दमयंतीबाई म्हणाल्या. "ह्या घरात तेल नाय का?"

"आमच्यात शेंगदान्याचं असतं," रंभाबाई म्हणाली. "खोबरेल तुमी समिंदरवाले खाता."

त्या पिशवी उचलून निघाल्या. रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, मागे वळून न पाहता. एसटीत त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की रंभाबाईनेच तेल चोळलं असणार, आपल्यावर आणायला. पालघर येईपर्यंत हे पक्कं झालं होतं. केळवे येईपर्यंत त्यात थोडी गडबड वाटायला लागली.

घरी त्यांनी चिनी मातीची बरणी फडताळातून खाली काढली. वाडीतल्या घरात कोयता पुसून ठेवायचा तो खोबरेलाने, कडी-कोयंड्याला लावायचं ते खोबरेल, अडकित्त्याच्या खिळ्यात सोडायचं तेही. जे वाळतं, गंजतं, कुरकुरतं, त्याला तेल. रबर खाऱ्या हवेने वाळतं, असं चंद्रभाननेच सांगितलं होतं. मग त्यांनी ती कोरी रबरं घाण्याच्या तेलात बुडवून, वर दादरा बांधून ठेवली होती, लोणच्यासारखी. सगळ्यांत चांगली सांभाळलेली वस्तू म्हणजे ती.

गिअरबॉक्सचं एक जादा आलेलं रबर बरणीत तळाशी राहिलं होतं. तेल काळं पडलं होतं. त्यांनी ते रबर बाहेर काढून पुसलं. फुगून पावासारखं झालेलं. खात्री करायची तर पुरतीच करायची, म्हणून अडकित्ता घेतला आणि रबर त्यात धरलं. उकडलेलं सुरण कापावं तसं ते कापलं गेलं. असल्या मऊ रबरांवर इंजिन कलंडणारच.

त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. आता दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होत्या. मिस्त्रीने फसवलं असं म्हटलं, तर सगळे विश्वास ठेवतील. धीरज तर लगेच ठेवील. पण मग गाडी कुंड्यांना जाणार. आणि गाडी हवी असेल, तर चूक आपली, एवढं तोंडाने म्हणावं लागेल. तेही त्या बीडवालीसमोर.

दुसऱ्या दिवशी धीरज त्यांना घेऊन बेटेगावला आला. फोनवर त्यांनी फक्त "चल" म्हटलं होतं. वाटेत तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. हे लोक असेच. जाऊ दे ना आई, तू प्रयत्न केलास."

दमयंतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

शेडमध्ये चंद्रभान दुसऱ्याच एका गाडीखाली होता. फियाट कोपऱ्यात, बॉनेट मिटलेलं. धीरजने उभ्या उभ्या सुरुवात केली, "मिसाळ, हे बघा, आम्ही काही तक्रार वगैरे—"

"थांब," दमयंतीबाई म्हणाल्या. पिशवीतून कापलेल्या रबराचे दोन तुकडे काढून त्यांनी टेबलावर ठेवले. "हे मी केलं. तेलात ठेवली होती. वाळू नयेत म्हणून."

धीरजला आधी समजलंच नाही. रंभाबाई आतल्या दाराशी उभी होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

"हस गं, हस," दमयंतीबाई म्हणाल्या. "हसायचंच हाय ते."

"रबराचं लोनचं," रंभाबाई कशीबशी म्हणाली आणि आत पळाली.

चंद्रभानने एक तुकडा उचलून दाबून पाहिला. "नवीन आनावी लागतील. हेडरला काय झालं न्हाई. एक नळी जरा चेपलीय, ती मी बघतो. दसऱ्याला देतो. पर काकू, येक." तो थांबला. "रबरं हितंच ऱ्हातील."

"राहू देत."

"आन तुमी घरी."

हे सोपं नव्हतं. त्यांनी फळीकडे पाहिलं, सताड उघड्या दाराकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. मग धीरजकडे वळल्या. त्याच्या चेहऱ्यावर अजून ती जुनी, समजूतदार काळजी होती.

"मी काय केलं ते मी सांगितलं, चारचौघांत. आता तू सांग. तू हितं येऊन काय सांगितलंस?"

"आई, मी... तुझ्याच काळजीनं..."

"काळजी मला ठाऊक हाय. मी विचारलं, काय सांगितलंस?"

धीरज चंद्रभानकडे बघायला लागला. चंद्रभान तोवर पुन्हा गाडीखाली सरकला होता. नुसते पाय दिसत होते.

"सावकाश करा म्हणालो," धीरज म्हणाला.

"दसऱ्याच्या पुढं जाईल एवढं सावकाश?"

तो गाडीची चावी बोटात फिरवायला लागला. दमयंतीबाईंनी मान हलवली. आपला संशय खरा निघाल्याचा आनंद होईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बदललेलं झाकण गावभर शोधावं आणि ते आपल्याच घरात निघावं, तसं काहीतरी झालं.

दसऱ्याला त्या सकाळीच गेल्या. चंद्रभानने इंजिन लावलं, रेस केलं. काही आपटलं नाही. रंभाबाईने झेंडूची माळ बॉनेटला बांधली, टायरखाली लिंबं ठेवली. दमयंतीबाईंनी वाकून नव्या रबरांकडे टॉर्च मारून पाहिलं, चांगलं दोन्ही बाजूंनी.

"मुंबईचीच हायत ना?" त्यांनी विचारलं.

"वास घ्या," रंभाबाई म्हणाली.

गाडी त्यांनी स्वतः बाहेर काढली. लिंबं फुटली. नवं इंजिन जोरदार होतं, पाय जरा दाबला की पुढे पळायला बघायचं. बोईसर ओलांडून पालघरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांना आरशात धीरजची गाडी दिसली. शेडवर तो आला नव्हता. वाटेत कुठेतरी थांबून राहिला असणार. अंतर राखून येत होता. त्या हळू झाल्या की तो हळू, त्या जोरात गेल्या की तो जोरात. कुठे बंद पडते का, ते बघायला? की बंद पडलीच तर हाताशी असावं म्हणून? आरशातून एवढ्या लांबचं तोंड दिसत नाही.

एका वडाच्या सावलीला त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. मागची गाडीही थांबली. मग दमयंतीबाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि त्याला पुढे हो अशी खूण केली. तो येईना. त्यांनी पुन्हा खूण केली, आणि तो शेजारून निघून, वळणाआड होईपर्यंत हात तसाच बाहेर ठेवला.